पत्र पाठवलं, जावक क्रमांक पडला, आणि पुढे?

मुक्कामपोस्ट

लोकहो, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, थोडं लांबेल, आधीच माफी मागून ठेवतो.

२०२० च्या ४ ऑगस्टला लेबनॉनची राजधानी बैरुतच्या बंदरात स्फोट झाला त्याचे व्हिडिओ सगळ्यांनीच बघितले असतील. २,७५० टन अमोनियम नायट्रेट (खतात आणि स्फोटकांत वापरतात ते), २०० च्या वर माणसं गेली, लाखो लोकांच्या घरांची वाट लागली. परवा त्याचा घटनाक्रम वाचत बसलो होतो आणि खरं सांगतो, स्फोटापेक्षा त्याच्या आधीची सहा-सात वर्षं वाचून जास्त हादरलो. जहाज आलं २०१३ च्या नोव्हेंबरात, अडकलं, २०१४ मध्ये माल १२ नंबरच्या गोदामात उतरवला. त्यानंतर कस्टमवाल्यांनी न्यायाधीशांना पत्रं लिहिली, एकदा-दोनदा नाही, २०१७ पर्यंत किमान सहा वेळा, की बाबांनो हा माल परत पाठवा, लष्कराला द्या, नाहीतर कुठल्या कंपनीला विकायची परवानगी द्या, पण इथून हलवा. २०१८ मध्ये ते जहाजसुद्धा बंदरातच बुडालं, माल जागच्या जागी. आणि स्फोटाच्या दोन आठवडे आधी सुरक्षा यंत्रणेचा अहवाल थेट राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधानांपर्यंत पोचलेला होता.

म्हणजे 'आम्हाला माहीतच नव्हतं' असं तिथे कुणालाच म्हणायची सोय नाही. सगळ्यांना माहीत होतं. आणि प्रत्येकाच्या फायलीत आपण काहीतरी केल्याचा पुरावा आहे! पत्र पाठवलं, जावक क्रमांक पडला, पोच आली, फाईल कपाटात.

एरवी आपण गरीब किंवा विकसनशील देशांच्या कारभारावर बोलतो तेव्हा गाडी ठरलेल्या स्टेशनांवर थांबते, कायदे कडक करा, पारदर्शकता आणा, लोकांना जागरूक करा. मला हल्ली वाटायला लागलंय की हे सगळं असूनसुद्धा गाडं अडतं, कारण काही केलं आणि चुकलं तर तुमची मान अडकते, काहीच नाही केलं तर तुमच्या केसालाही धक्का लागत नाही. हे गणित जोवर उलटं होत नाही तोवर कितीही पोर्टलं काढा. तुम्हाला काय वाटतं? इतर देशांतली उदाहरणं असतील तर टाका, नुसता त्रागा नको, तो घरी करतोच आपण.

---

टवाळखोर

पहिला नंबर लावून ठेवतो, सविस्तर नंतर.

---

सांजवात

लेख आवडला पण मूळ मुद्दा थोडा सोपा करून टाकलाय असं वाटलं. शेवटी लोक जसे तसं सरकार. ज्या देशात लोकच ओळख काढून काम करून घेतात, जातीचा-जमातीचा-टोळीचा माणूस म्हणून चोराला निवडून देतात, तिथे अधिकाऱ्याने काय म्हणून मान पुढे करायची? मतदार जागा झाला की नेते आपोआप सरळ होतात, इतिहास हेच सांगतो.

---

टवाळखोर

@सांजवात, इतिहास हे कुठल्या देशात सांगतो ते पण सांगा की, तिकीट काढतो.

---

एकशिंगी

सांजवात, तुम्ही म्हणताय त्यात अर्धं तथ्य आहे आणि त्यावर बरंच कामही झालंय. ब्राझीलने २००३ पासून एक भारी प्रकार सुरू केला, कुठल्या नगरपालिकेचं ऑडिट करायचं हे चक्क लॉटरीने ठरवायचं. सोडत जाहीर व्हायची, मग केंद्राचे लेखापरीक्षक जाऊन केंद्राकडून आलेला पैसा कुठे गेला ते बघायचे आणि अहवाल सगळ्यांसमोर ठेवायचे. सोडतीमुळे अभ्यासकांची मजा झाली, कारण कुणाचं ऑडिट निवडणुकीच्या आधी झालं आणि कुणाचं नंतर हे निव्वळ नशिबावर. फेराझ आणि फिनान या दोघांनी २००४ च्या निवडणुकीचे निकाल त्याला जोडून बघितले. ज्या महापौरांची लफडी निवडणुकीआधी बाहेर आली ते पडण्याचं प्रमाण वाढलं, आणि जिथे स्थानिक रेडिओ स्टेशन होतं तिथे तर जास्तच. म्हणजे मतदार अगदीच झोपलेला नसतो, त्याच्या कानापर्यंत जावं लागतं.

आता दुसरी बाजू. हेच सूत्र धरून बेनिन, बुर्किना फासो, मेक्सिको, युगांडा आणि पुन्हा ब्राझील अशा ठिकाणी मिळून सहा प्रयोग झाले, मतदारांना निवडणुकीआधी त्यांच्या नेत्याच्या कामगिरीची माहिती द्यायची आणि मत बदलतं का ते बघायचं. २०१९ मध्ये एकत्रित निकाल आला, सरासरी परिणाम शून्याच्या आसपास. लोकांनी कागद वाचला, मान डोलावली आणि ज्याला द्यायचं त्यालाच मत दिलं.

त्यामुळे 'मतदार जागा झाला की' हे वाक्य मी आता जरा जपून वापरतो.

---

सांजवात

बरं, हे माहीत नव्हतं. पण मग रेडिओमुळे फरक पडला आणि घरी जाऊन कागद दिला तर नाही पडला, हे कसं काय?

---

एकशिंगी

माझा अंदाज, रेडिओवर सगळे एकदम ऐकतात. मला कळलं हे महत्त्वाचं नाही, शेजाऱ्याला पण कळलंय हे मला कळलं, हे महत्त्वाचं. एकट्याच्या हातात दिलेला कागद म्हणजे कानात सांगितलेली गोष्ट, त्यावर बाजार भरत नाही. शिवाय सरकारी लेखापरीक्षकाचा शिक्का आणि कुठल्या तरी संस्थेचं पत्रक यात वजनाचा फरक असणारच.

---

हिशेबनीस

लेखापरीक्षकाचा शिक्का म्हणालात म्हणून लिहायचा मोह आवरत नाही. उभी नोकरी मी हेच केलं. कुठे, कुठल्या खात्यात ते विचारू नका, सांगणार नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं ऑडिट म्हणजे छापा. छे हो. ऑडिट म्हणजे पत्रव्यवहार! आम्ही आक्षेप काढायचा, त्याचा पॅरा व्हायचा, खात्याकडे खुलासा मागवायचा, सहा महिन्यांनी स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग खुलासा येणार की 'संबंधित कागदपत्रे शोधण्याचे काम सुरू आहे'. तोवर ज्याने सही केली तो बदलून गेला, त्याच्या जागी आलेला म्हणतो हे माझ्या काळातलं नाही, आणि ते खरंही असतं. मुक्कामपोस्ट यांनी बैरुतचं जे लिहिलंय ते वाचताना मला एकही ओळ परकी वाटली नाही, फक्त माल वेगळा.

पण ऑडिटने काहीच होत नाही असंही म्हणणार नाही. इंडोनेशियातला रस्त्यांचा अभ्यास माझा फार आवडता आहे, ओल्केन नावाच्या अर्थतज्ज्ञाने केलेला, २००७ मध्ये छापून आला. ६०८ गावं, प्रत्येक गावात सरकारी पैशाने रस्ता होणार. काही गावांना आधीच सांगून टाकलं की तुमचं ऑडिट नक्की होणार, शंभर टक्के, एरवी ही शक्यता ४ टक्के होती. काही गावांत गावकऱ्यांना हिशेबाच्या बैठकीची आमंत्रणं वाटली, की या आणि प्रश्न विचारा. रस्ते झाल्यावर यांनी काय केलं, इंजिनियर पाठवून रस्ता खणला! ठिकठिकाणी नमुने काढले, खडी किती, वाळू किती, मजुरी किती लागली असेल हे मोजून बिलाशी ताडून बघितलं. कागद बघून ऑडिट केलं असतं तर सगळे रस्ते टकाटक निघाले असते.

निकाल असा की ऑडिट नक्की आहे म्हटल्यावर गायब होणारा खर्च ८ टक्के बिंदूंनी कमी झाला. थांबला नाही, कमी झाला. बैठकांनी एकूणात फारसं काही झालं नाही. पण त्यातली गोम बघा, बैठकांमुळे मजुरीतली खाबूगिरी कमी झाली आणि मालातली जशीच्या तशी राहिली. का? मजुरी माझ्या खिशात यायची असते, कमी आली तर मी भांडतो. खडी कमी पडली तर रस्ता पाच वर्षांनी उखडणार, तेव्हाचं तेव्हा. शिवाय एका घनमीटरला खडी किती लागते हे गावकऱ्याला कळायचं कसं?

आणि ज्या गावांत ऑडिट होतं तिथे प्रमुखांचे नातेवाईक कामावर लागण्याचं प्रमाण वाढलं. पैसे खाता येत नाहीत म्हटल्यावर भाच्याला चिकटवा. माणूस वाट काढतोच.

---

नीलाक्षी_

हिशेबनीस काका, काय प्रतिसाद आहे! हा स्वतंत्र धागा व्हायला हवा होता.

---

टवाळखोर

खडीचं कळलं. आता माझं सविस्तर.

माझ्या मते अर्ध्या देशांचा प्रॉब्लेम हा आहे की त्यांनी संस्था उभारल्या नाहीत, संस्थांच्या पाट्या उभारल्या. देणगीदार म्हणाला भ्रष्टाचारविरोधी आयोग हवा, घ्या आयोग. लोकपाल हवा, घ्या लोकपाल. इमारत, बोधचिन्ह, वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर, आत खुर्च्या आणि खुर्च्यांवर मंत्र्याचे मित्र. अर्थतज्ज्ञ प्रिचेट आणि मंडळींनी याला जीवशास्त्रातून नाव उसनं घेतलंय, बिनविषारी सापाने विषारी सापाचे पट्टे घ्यावेत तसं. चावत नाही, पण दिसतो झकास.

आणि गंमत म्हणजे खरा विषारी निघाला की लगेच दात काढायची घाई. इंडोनेशियाचंच घ्या, त्यांचा केपीके आयोग २००२ च्या कायद्याने आला, मंत्री, खासदार, गव्हर्नर धरून आत टाकले, लोकांचा लाडका. २०१९ मध्ये कायदाच बदलला, वर देखरेख मंडळ बसवलं, कर्मचारी सरकारी नोकर करून टाकले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, काही उपयोग झाला नाही.

---

भटक्याजीव

मी वेगळा सूर लावतो, शिव्या पडतील. हे सगळं लोकशाहीचं लाडकं गुऱ्हाळ आहे. सिंगापूर बघा, त्यांचा भ्रष्टाचार तपास विभाग १९५२ पासून आहे, ब्रिटिशांच्या काळातला, पण तो खरा चालला कारण वर बसलेल्याने चालवला. १९८६ मध्ये चालू मंत्र्यावर चौकशी लावली. रवांडा बघा, तिथे २००६ पासून महापौर थेट राष्ट्राध्यक्षांसमोर करार करतात, इमिहिगो म्हणतात त्याला, इतके रस्ते, इतकी शौचालयं, इतकी लसीकरणं, वर्षअखेर गुण मिळतात, नापास झालात तर खुर्ची गेली. मुक्कामपोस्ट म्हणतात ना, काही नाही केलं तर माझं काय जाणार, तर हे घ्या उत्तर. वरून एक खमक्या माणूस लागतो, बाकी चर्चासत्रं.

---

सांजवात

+१, मनातलं बोललात.

---

एकशिंगी

भटक्या, रवांडातला महापौर वरच्याला उत्तर देतो हे मान्य. वरचा कुणाला देतो? २०२४ ला ९९ टक्के मतं मिळाली त्यांना. एवढी तर माझ्या घरच्या बैठकीत मला मिळत नाहीत.

आणि खमक्याचं दुसरं उदाहरण जॉर्जिया. २००३ च्या क्रांतीनंतर साकाश्विली राष्ट्राध्यक्ष म्हणून आले, २००४ मध्ये लाच खाऊन कुप्रसिद्ध झालेल्या वाहतूक पोलिसांना हजारोंनी एका फटक्यात घरी पाठवलं, नवे भरले, पगार वाढवले, ठाण्यांच्या भिंती काचेच्या केल्या. रस्त्यावरची लाच खरंच जवळपास संपली, हे त्यांचे विरोधकही मानतात. पण त्याच राजवटीत तुरुंगात काय चाललंय हे २०१२ च्या सप्टेंबरात व्हिडिओंतून बाहेर आलं, कैद्यांचे हाल, आणि पुढच्याच महिन्यात पक्ष निवडणूक हरला. रस्त्यावर काच आणि तुरुंगात काळोख. खमक्या माणूस कुठे दिवा लावायचा ते स्वतः ठरवतो.

सिंगापूरचं म्हणाल तर त्यांनाही १९९१ मध्ये घटनेत सोय करावी लागली, पंतप्रधानाने चौकशीला नकार दिला तर विभागप्रमुख राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने पुढे जाऊ शकतो. म्हणजे चांगल्या माणसावर किती विसंबायचं हा प्रश्न त्यांनाही पडलाच होता.

---

भटक्याजीव

हे १९९१ चं माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा अगदीच वाया गेलेला नाही. जॉर्जियात लाच गेली ना? गेली. सामान्य माणसाला रोज भेटणारं सरकार म्हणजे पोलिस आणि कारकून, तिथे सुधारणा झाली तर त्याला तीच मोठी.

---

हिशेबनीस

भटक्याजीव, यात तुमच्याशी सहमत आहे. आम्ही लोक घोटाळ्यांच्या आकड्यांत रमतो, माणसाला रोजचा कारकून छळतो.

---

नीलाक्षी_

रोजच्या सरकारवरून लिहिते. मी काही वर्षं आरोग्य कार्यक्रमांच्या देखरेखीचं काम केलंय, खेडोपाडी फिरून उपकेंद्रं उघडी आहेत का बघायचं. त्यामुळे गैरहजेरी हा माझा जिव्हाळ्याचा विषय 🙂

एक मोठी पाहणी २००६ ला छापून आली होती, बांगलादेश, इक्वेडोर, भारत, इंडोनेशिया, पेरू आणि युगांडा, सहा देशांत न सांगता शाळा आणि दवाखान्यांत जायचं. शिक्षक सरासरी १९ टक्के वेळा जागेवर नव्हते, आरोग्य कर्मचारी ३५ टक्के. तीनात एक! आणि बहुतेकांची नोकरी पक्की, पगार चालू.

आता सगळ्यांचं पहिलं उत्तर असतं यंत्र बसवा. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात नेमकं हेच करून बघितलं, बॅनर्जी, दुफ्लो आणि ग्लेनरस्टर यांचा अभ्यास. नर्सला तारीख-वेळेचा शिक्का मारायचं यंत्र दिलं, दिवसातून तीनदा शिक्का, नसेल तर पगार कापायचा. पहिले काही महिने हजेरी जोरात वाढली, सगळे खूश. दीड वर्ष व्हायच्या आत सगळं मूळपदावर. यंत्र मोडलं का? काही मोडली, काही 'मोडली'. पण खरी मेख वेगळीच, 'सूट दिलेला दिवस' नावाचा रकाना होता, बैठक आहे, शिबिर आहे, सर्वेक्षण आहे, आणि वरच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी तो रकाना भराभर भरायला सुरुवात केली. शेवटी गैरहजेरी कमी झाली, सूट वाढली, केंद्राला कुलूप तेवढंच.

म्हणजे नर्सवर देखरेख होती, नर्सला सूट देणाऱ्यावर कुणाचीच नव्हती. मुक्कामपोस्ट, तुमच्या गणितात ही एक पायरी वर चढवा.

आणि एक सांगायचं राहिलं, मी फिरले तेव्हा पहिलं वर्ष मला सगळ्या नर्स कामचुकार वाटायच्या, रागाने फॉर्म भरायचे. मग एकीसोबत अख्खा आठवडा काढला. चार दिवस तिला वेगवेगळ्या साहेबांनी वेगवेगळ्या बैठकांना बोलावलं होतं, प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, एकूण किती रजिस्टरं ते मी मोजायचं सोडून दिलं. केंद्रात बसून पेशंट बघितल्याचा हिशेब मात्र कुणीच मागत नव्हता. ती उत्तर देत नव्हती असं नाही, ती दिवसभर उत्तरंच देत होती, फक्त ज्या बाईचं बाळ तापलंय तिला सोडून बाकी सगळ्यांना.

---

मुक्कामपोस्ट

नीलाक्षी ताई, शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं थांबलो. माझं गणित तुम्ही दुरुस्त केलंत, मान्य. उत्तरदायित्व कमी आहे म्हणण्यापेक्षा ते भलत्या दिशेला वाहतंय.

---

टवाळखोर

वरती वाहतंय. पाण्याच्या उलट.

---

जुनापाना

उशिरा आलो, सगळं वाचलं. एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून, पैसा येतो कुठून ते बघा. ज्या सरकारचा खर्च लोकांच्या करातून चालतो त्याला लोकांशी तंटा-समझोता करावा लागतो. ज्याचा खर्च तेलातून, खाणीतून किंवा कर्जातून भागतो त्याला लोकांची गरजच काय? एक्वेटोरियल गिनीत १९७९ पासून एकच माणूस बसलाय, तेल सापडल्यावर तर विचारूच नका, मुलाची पॅरिसमधली हवेली जप्त झाली, २०१७ मध्ये तिथल्या कोर्टाने दोषी ठरवलं. दोषी ठरवलं पॅरिसने, मायदेशात तो उपराष्ट्राध्यक्ष.

याला अपवाद बोत्स्वाना, हिरे तिथेही आहेत, पण तिथे कारभार बरा राहिला, २०२४ मध्ये स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष हरला आणि खुर्ची सोडून गेला. तेव्हा तेल-हिरे म्हणजे शापच असं नाही, पण धोका मोठा.

कर्जाचं मात्र मोझांबिकसारखं उदाहरण सापडणार नाही. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांच्या नावाने २ अब्ज डॉलरहून जास्त कर्ज उचललं, ट्यूना मासेमारी आणि किनारा संरक्षण असं कारण, त्याला सरकारची हमी, आणि संसदेला पत्ता नाही. बराचसा भाग २०१६ पर्यंत गुप्तच होता. उघड झाल्यावर नाणेनिधीने मदत थांबवली, चलन कोसळलं, देश हप्ते चुकवायला लागला. मासेमारीच्या बोटी राजधानी मापुतोच्या बंदरात गंजत उभ्या. आता बघा कुणाला काय झालं. अर्थमंत्री राहिलेले मानुएल चांग २०१८ ला दक्षिण आफ्रिकेत पकडले गेले, खटला चालला न्यूयॉर्कमध्ये, २०२४ ला दोषी. कर्ज देणारी बँक क्रेडिट स्वीस, तिने २०२१ मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या नियामकांशी सुमारे ४७.५ कोटी डॉलर भरून मिटवलं. मोझांबिकच्या माणसाने ना कर्ज मागितलं ना बोट बघितली, फेडतोय तो.

त्यामुळे 'विकसनशील देशांची समस्या' म्हणताना थोडा हात आखडता घ्या. लाच घेणारा तिकडचा होता, कर्जाची कागदपत्रं करणारे लंडनचे.

---

सांजवात

हे माहीत नव्हतं. संताप आला वाचून. आणि संसदेला न विचारता दिलेली हमी ग्राह्य कशी काय धरतात?

---

जुनापाना

तिथल्याच घटना परिषदेने नंतर या हम्या रद्दबातल ठरवल्या की. पण तोवर पैसा गेला होता आणि देशाची पत पण.

---

भटक्याजीव

मग बाहेरचाच माणूस आणून बसवा, ना नातेवाईक ना जात.

---

एकशिंगी

केलंय तेही! ग्वाटेमालात २००७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याचा आयोग होता, परदेशी तपासनीस, स्थानिक सरकारी वकिलांच्या जोडीने काम. २०१५ मध्ये कस्टममधली टोळी उघडी पाडली, उपराष्ट्राध्यक्ष गेल्या, मग आठवडे न् आठवडे चौकात गर्दी, शेवटी राष्ट्राध्यक्ष पेरेझ मोलिना यांनी राजीनामा दिला आणि लगेच कोठडी. कुठल्या देशात झालंय असं?

पुढचा राष्ट्राध्यक्ष 'ना भ्रष्ट ना चोर' अशा घोषणेवर निवडून आला. आयोगाने त्याच्या भावाची आणि मुलाची चौकशी लावली, त्याच्या प्रचाराच्या पैशांचीही. २०१९ मध्ये आयोगाची मुदत संपली ती वाढवलीच नाही. त्यानंतर ज्या सरकारी वकिलांनी आणि न्यायाधीशांनी त्या केसेस चालवल्या होत्या त्यांच्यावरच खटले, कितीतरी जण देश सोडून गेले.

म्हणजे पाहुण्याने साप पकडून दिले आणि पाहुणा गेल्यावर घरच्या गारुड्याला चावले.

पण पूर्ण अंधार नाही हां, २०२३ मध्ये लोकांनी अरेवालोंना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं, ते भ्रष्टाचारविरोधातच उभे होते, त्यांना शपथ घेता येऊ नये म्हणून जंग जंग पछाडलं, तेव्हा मूलनिवासी समाजांनी रस्ते अडवून धरले. २०१५ ची गर्दी पूर्ण विसरली गेली नव्हती असं मला वाटतं, सिद्ध नाही करता येणार.

---

सांजवात

सगळं वाचून डोकं जड झालं. हे केलं तर ते होतं, ते केलं तर हे. चाललेली एकतरी गोष्ट सांगा राव.

---

नीलाक्षी_

युगांडा. १९९० च्या दशकात शाळांना दर मुलामागे सरकारकडून अनुदान निघायचं. कुणीतरी शहाणपणाने शाळेत जाऊन विचारलं की तुमच्यापर्यंत किती आलं. १९९१ ते ९५ मध्ये सरासरी १३ टक्के! बाकी मधल्या जिल्हा कचेऱ्यांत. मग सरकारने दर महिन्याला कुठल्या जिल्ह्याला किती पाठवले ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली, शाळेच्या दारावरही लावायचं. २००१ पर्यंत ८० टक्क्यांच्या वर पोचायला लागलं.

---

एकशिंगी

ताई, हे उदाहरण सगळीकडे 'पेपरात छापलं आणि चोरी थांबली' म्हणून मिरवतं, त्यावर नंतर बरेच आक्षेप आलेत. त्याच काळात अनुदान देण्याची पद्धतच बदलली होती, खर्चाचे नियम आवळले होते, १९९७ ला मोफत प्राथमिक शिक्षण आल्यावर सगळ्यांचं लक्ष शाळांवर होतं. पेपरचा वाटा होता, पण एकट्याचा नाही.

---

नीलाक्षी_

हो, माहितीये ते. पण मला त्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे, पेपरात छापायच्या आधी कुणीतरी शाळेत जाऊन मोजलं. राजधानीत बसून 'वितरित' लिहिलेलं मानून घेतलं नाही. काकांच्या रस्ता खणण्यासारखंच.

---

हिशेबनीस

बरोबर. आणि दुसरं, दंड माणसाला झाला पाहिजे, कार्यालयाला नको. आपल्या माहिती अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, मला सगळ्यात आवडलेलं कलम ते २० वं. माहिती द्यायला उशीर, तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार, आणि ते त्या माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून. रक्कम किरकोळ आहे, आणि दंड लावायला आयुक्त कचरतात हेही खरं. पण सरकारी कायद्यात इतक्या स्पष्टपणे एका माणसाकडे बोट दाखवणारं कलम मी फार थोडं बघितलंय. बाकी सगळीकडे 'संबंधितांवर योग्य ती कार्यवाही करण्यात यावी'. संबंधित कोण, योग्य म्हणजे काय, कधी करण्यात यावी. करावी सुद्धा नाही, करण्यात यावी!

---

टवाळखोर

मराठीतला कर्मणी प्रयोग हाच मुळात शासनाने शोधलाय असा माझा जुना संशय आहे.

---

मुक्कामपोस्ट

😂 व्याकरणवाले येतील आता धावून.

बैरुतचं पुढे काय झालं ते लिहायचं राहिलं, कुणीतरी खासगी निरोपातून विचारलं होतं. पहिला तपास न्यायाधीश हटवला गेला, २०२१ ला तारेक बितार नेमले. त्यांनी माजी मंत्र्यांना समन्स काढली तर त्यांच्याविरुद्ध इतके अर्ज आले की तपासच ठप्प. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी पुन्हा सुरू केला आणि देशाच्या सर्वोच्च सरकारी वकिलावरच आरोप ठेवले. त्या सरकारी वकिलाने काय करावं? उलट बितार यांच्यावरच आरोप ठेवले आणि अटकेतले सगळे सोडून दिले. पुढची दोन वर्षं शांतता. २०२५ च्या जानेवारीत सरकार बदलण्याच्या सुमारास बितार यांनी परत काम हातात घेतलं.

दर महिन्याच्या ४ तारखेला मृतांचे नातेवाईक फोटो घेऊन बंदराजवळ जमत आलेत. मला वाटतं बितार टिकले त्यात याचा वाटा आहे, माणूस एकटा पडला असता तर केव्हाच बदली झाली असती.

---

भटक्याजीव

हिशेबनीस, एक विचारू? तुमच्या नोकरीतला असा एखादा पॅरा आहे का जो शेवटपर्यंत गेला? म्हणजे खरंच वसुली झाली, कुणाची खुर्ची गेली?

---

हिशेबनीस

वसुली झालेले आहेत, छोटे. प्रवासभत्ता जादा घेतला, वाहनाचं लॉगबुक खोटं, असले. त्यात शिपाई आणि कनिष्ठ लिपिक सापडतात, त्यांच्या पगारातून कापून घेणं सोपं असतं, आणि अहवालात 'वसुली पूर्ण' चा आकडा चांगला दिसतो. मी पण लिहिलेत तसे अहवाल, खोटं कशाला बोलू.

मोठा एकच मनात राहिलाय. पाणी योजनेचा होता, पाइप जमिनीत न टाकताच बिल निघालेलं. मी जागेवर जाऊन खणायला सांगितलं तेव्हा सोबतचा अभियंता म्हणाला साहेब, ऑडिट कागदाचं असतं. तरी खणलं, चार ठिकाणी, तीन ठिकाणी काही नाही. पॅरा निघाला, वरच्या अहवालातही गेला. मी निवृत्त झालो तेव्हा खुलासा प्रलंबित होता. मागच्या वर्षी जुन्या सहकाऱ्याला सहज फोन केला, तर म्हणाला सगळे जुने पॅरे आता नव्या सिस्टीमवर चढवायचं काम चालू आहे, तुमच्या वर्षापर्यंत अजून आलो नाही.

---

सांजवात

काका, ते पाणी आलं का पण त्या गावाला, नंतर तरी?

---

हिशेबनीस

दुसऱ्या योजनेतून आलं. त्याच रस्त्याने पाइप टाकले. त्या योजनेचं ऑडिट माझ्याकडे नव्हतं.